म्हाताऱ्या आंब्याच्या वतीने



"झाड आता म्हातारं झालं," हे वाक्य आमच्या जावळी भागात मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याच्या पुढचं वाक्य मला पाठ झालं आहे. "वखारवाल्याला बोलावून बघू का?" मेढ्याहून केळघरच्या रस्त्याला लागा नाहीतर कुसुंबीकडे वळा, बांधाबांधावर जुने रायवळ आंबे दिसतील. निम्मा शेंडा वाळलेला, अंगावर बांडगुळांचे झुपके, आत काळोख, आणि मोहोर आलाच तर कुठेतरी वर टोकाला, झेल्यालाही न पोचणारा. अशा झाडाकडे बघून कुणीही म्हणेल की याचं आता संपलं. मला मात्र वाटतं की यातली पुष्कळ झाडं नुसती बेवारस झाली आहेत. पंधरा-वीस वर्षं त्यांच्या अंगाला कुणाचा हात लागलेला नाही. नीट छाटणी केली, जखमा झाकल्या, घेराखाली शेणखत घातलं तर ती आणखी एक पिढी फळ देतील.

हे आज लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या घराण्यातल्या 'शेप्या' आंब्याच्या विक्रीच्या कागदावर तिघांच्या सह्या झाल्या आहेत आणि चौथी, म्हणजे माझी, राहिली आहे. ती मी का थांबवली ते प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. घरची मंडळी वाचतीलच. ज्यांचा या झाडाशी काही संबंध नाही त्यांनाही आपल्या गावचं एखादं झाड आठवेल अशी आशा आहे.

आधी रायवळ म्हणजे काय ते शहरातल्या नातवंडांसाठी सांगते. हापूस, पायरी ही कलमं. कलम म्हणजे एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधून केलेली हुबेहूब नक्कल. त्यामुळे एक हापूस मेला तरी हापूस मरत नाही. रायवळ हा कोयीतून उगवलेला. कोयीतून येणाऱ्या झाडात आईचे गुण उतरतीलच असं नाही, म्हणून प्रत्येक रायवळ वेगळा, आणि म्हणूनच प्रत्येकाला स्वतःचं नाव. खोबऱ्या, केळ्या, साखऱ्या, गोट्या. एखादा आमट्या असायचाच, तो लोणच्याला आणि आंबोशीला. आमच्या शेप्याच्या रसाला शेपूसारखा वास आहे. कुणाला तो मुळीच आवडत नाही, आणि ज्याला आवडतो त्याला मग दुसरा आंबा गोड लागत नाही. धागे भरपूर, रस पातळ, कापून खायचं कामच नाही. माचून, चोखून खायचा आणि हात कोपरापर्यंत धुवायचे! गावात पांडुरंग नावाचे चार जण सापडतील, पण शेप्या जगात एकच आहे. तो तोडला की त्या चवीचा आंबा पुन्हा पृथ्वीवर होणे नाही. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, झाडाची ती रीतच आहे.

आता ही झाडं बेवारस का झाली? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण मुंबई. आमच्या डोंगरी भागातला कर्ता पुरुष दोन-तीन पिढ्या मुंबईला राहिला. कुणी गिरणीत, कुणी मशीद बंदरच्या गोदामांत, दाणाबाजारात पाठीवर गोणी घेऊन. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यात साताऱ्याच्या डोंगराकडची माणसं किती होती ते इथे घराघरात ठाऊक आहे. पुढे बाजार वाशीला गेला आणि आमची माणसं कोपरखैरणे, घणसोलीला राहायला गेली. त्यांच्या घामाच्या पैशावर इथली घरं उभी राहिली, मुली शिकल्या. त्यात माझ्या वर्गातल्याही कितीतरी होत्या. त्यांना मी नावं कशी ठेवू? पण झाडावर चढणारा, कोणती फांदी वाळली, कुठे बांडगूळ धरलं हे बघणारा माणूस गावात उरला नाही, हेही खरं.

दुसरं कारण ऐकून काही जणांना हसू येईल. ते म्हणजे गॅस. पूर्वी चुलीसाठी वाळकी फांदी कधी पडते याची बायका वाट बघायच्या. माघ-फाल्गुनात झाडाखालचं आणि झाडावरचं सगळं सरपण घरी यायचं. त्यात झाडाची आपोआप साफसफाई व्हायची. आता घरात सिलिंडर आला. फार चांगलं झालं, धुराने गेलेले डोळे मी माझ्या सासूबाईंचे पाहिलेत. पण वाळकं लाकूड झाडावरच राहायला लागलं, कुजायला लागलं आणि त्यातून कीड आत शिरायला लागली.

तिसरं कारण म्हणजे हिस्से. जमीन एकाची आणि आंब्यात आणे चौघांचे, असं आमच्याकडे सर्रास असतं. फळ वाटून घ्यायला चौघेही येतात. खत घालायची वेळ आली की प्रत्येकाला वाटतं, मी एकट्यानेच का? आपल्याकडे म्हणच आहे, बारभाईची शेती आणि काय लागेल हाती! झाडाचंही तेच.

असो. आता झाडाकडे वळू.

आंबा फळतो तो फांदीच्या शेंड्याला. आदल्या हंगामात आलेली पालवी पक्व झाली, तिला ऊन मिळालं, की तिच्या टोकाला मोहोर येतो. छाटणी नसली की झाड उन्हाच्या मागे वर वर जातं. आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वांझ राहतात आणि शेवटी वाळतात. दाट सावली आणि ओलावा तुडतुड्यांना भारी मानवतो, तेव्हा असलेला मोहोरही ते शोषून टाकतात. त्यात बांडगूळ. फुलटोच्यासारखे छोटे पक्षी त्याची फळं खातात आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून ठेवतात. बी तिथे रुजतं आणि आंब्याच्या फांदीतलं पाणी पिऊ लागतं. लांबून झाड हिरवंगार दिसतं, आणि जवळ जाऊन पाहावं तर निम्मा हिरवेपणा बांडगुळाचा! आपण म्हणतो झाड थकलं. त्याच्या मुळांना विचारा. ती शंभर वर्षांत खोल गेलेली आहेत, धडधाकट आहेत. वरचा पसारा कमी केला की तीच मुळं उरलेल्या फांद्यांना जोर देतात आणि जून सालीतून पोपटी-तांबडे धुमारे फुटतात. पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

"पण फळत्या झाडाला कोयता लावणं पाप आहे," असं आमच्या जाऊबाई म्हणतात. वयाने मोठ्या आहेत, त्यांच्याशी वाद घालणं मला शोभत नाही, म्हणून दोन उदाहरणं फक्त सांगते. आपल्याच भागात भाताच्या रोपासाठी राब भाजायचा म्हणून दरवर्षी ऐन-किंजळीचा टहाळ तोडत असत. वाडवडिलांनी तोडला, त्यांच्या वाडवडिलांनी तोडला, आणि ते ऐन दर पावसाळ्यात पुन्हा फुटून उभे राहिले. कुणी पाप म्हटलं नाही. दुसरं उदाहरण शेजारच्या सांगली जिल्ह्याचं. तासगावकडे जा. द्राक्षवाला वर्षातून दोनदा वेलीवर कात्री चालवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. छाटली नाही तर वेल पसरेल, पण घड धरणार नाही, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तिथे कात्री हे फळाचं हत्यार आहे. आमच्याकडे मात्र कोयता म्हटला की मरणच आठवतं. शंभर किलोमीटरच्या आसपासचं अंतर, पण विचारात केवढा फरक!

सगळ्यात गंमत म्हणजे फांदी कापणं ज्यांना पाप वाटतं, त्यांना अख्खं झाड बुंध्यापासून विकणं पाप वाटत नाही. तिथे "व्यवहार" असतो.

छाटणीची पद्धत मी कुठल्या गुप्त पोथीतून काढलेली नाही. लखनऊजवळ रहमानखेड्याला केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे, तिने जुन्या आंब्यांच्या पुनरुज्जीवनावर मोठं काम केलं आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूसच्या जुन्या बागांसाठी केलं आहे. मी मराठी शिकवणारी बाई, शेतीतली पदवीधर नव्हे. पण वाचलेलं आणि आमच्या बांधावर पडताळलेलं सांगते.

वेळ महत्त्वाची. आमच्याकडे पावसाळा असा की आषाढ-श्रावणात कापलेली फांदी कुजलीच म्हणून समजा. उन्हाळ्यात कापावी तर उघडी पडलेली साल भाजून निघते. तेव्हा पाऊस पूर्ण उघडल्यावर, दिवाळीनंतर, हवा कोरडी आणि थंड असताना काम करावं.

पहिल्या वर्षी फक्त वाळकं, कुजकं आणि बांडगूळ काढावं. बांडगूळ नुसतं ओरबाडून उपयोग नाही. ते फांदीच्या आत रुतलेलं असतं, म्हणून त्याच्या खाली हात-दीड हातावर फांदीच उतरवावी. शिवाय मधली एखादी सरळ वर गेलेली फांदी काढावी, म्हणजे झाडाच्या पोटात ऊन पडतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी उरलेल्या उंच फांद्या थोड्या थोड्या खाली आणाव्यात. लखनऊच्या पद्धतीत सगळ्या मुख्य फांद्या एकदम कापायचीही रीत आहे. बागेत, रोज देखरेख असेल तर ती चालत असेल. बांधावरच्या शंभर वर्षांच्या झाडाला मी तसं करणार नाही. एकदम बोडकं झालेलं झाड उन्हात सापडतं आणि भिरूड लागतो. विलायतेत सफरचंदाची जुनी झाडं सुधारतात तीही तीन-चार हिवाळ्यांत, हप्त्याहप्त्याने. म्हाताऱ्या माणसाची दोन ऑपरेशनं डॉक्टर एका दिवशी करत नाहीत, तसंच हे.

जाड फांदी कापताना आधी खालून थोडी चीर द्यायची, मग जरा पुढे वरून कापायची. नाहीतर फांदी आपल्या वजनाने मोडते आणि बुंध्यापर्यंतची साल सोलून नेते. राहिलेलं खुंट मग दुसऱ्यांदा नीट कापायचं. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखा एक गोल कंगोरा असतो, तो राखायचा. जखम तिथूनच भरून येते. काप जरा तिरपा ठेवावा म्हणजे पाणी साठत नाही. कोयत्याचे घाव घालून फांदी तोडू नये, करवतच वापरावी. आणि कापलेल्या प्रत्येक तोंडाला बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, आणि लोखंडाच्या भांड्यात मुळीच नाही.

या बोर्डोची गोष्ट मला फार आवडते. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. का? तर येणाजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून! १८८२ साली तिथल्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की एवढ्याच वेलींवर दावण्या रोग नाही. त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली ते जाहीर केले. चोरांना भिववायला काढलेली युक्ती आज तासगावच्या द्राक्षाला आणि मेढ्याच्या आंब्याला औषध झाली आहे.

कापल्यानंतरचं काम जास्त चिकाटीचं, आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. प्रत्येक खुंटाला धुमाऱ्यांचा झुबका येतो. ते सगळे ठेवले तर पुन्हा तोच काळोख. बाहेरच्या अंगाने गेलेले चार-पाच जोमदार ठेवायचे, बाकीचे हाताने खुडायचे. खुडताना त्यातलीच काडी कलमालाही मिळते. जून उंच फांदीवर कलमाजोगी काडी मिळणं कठीण, छाटलेल्या झाडावर ती हाताशी येते. पावसाळ्याच्या सुरुवातीला बुंध्याला चिकटून नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली चर काढून कुजलेलं शेणखत घालायचं. आणि खोडाकडे लक्ष ठेवायचं. भोकातून लाकडाचा भुसा पडताना दिसला की भिरूड आत आहे. तारेने अळी ओढून काढायची आणि भोक बुजवायचं.

एवढं केल्यावर लगेच आंबे येत नाहीत. नवी फांदी पक्व व्हायला वेळ लागतो. साधारण तिसऱ्या वर्षापासून फळाची आशा धरावी.

आमच्याकडचा अनुभव सांगते. परड्यातला 'साखऱ्या' असाच दाटून गेला होता. २०२० साली टाळेबंदीत मोठ्या भाऊजींचा मुलगा कोपरखैरण्याहून बायको-मुलांसह गावी येऊन राहिला. त्याच्या हाताला काम नव्हतं आणि मला उसंत होती. मी खाली खुर्ची टाकून बसायचे, तो वर. त्या दिवाळीनंतर आणि पुढच्या वर्षी, अशा दोन हिवाळ्यांत झाड छाटलं. गावातल्या लोकांनी "बाईंनी झाडाचा खांब केला" म्हणून थट्टा केली. पहिल्या वर्षी नुसता पाला. २०२३ ला मोहोर आला, आंबे मोजून पंधरा-वीस. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र चार पाट्या आंबे उतरले, तेही जमिनीवर उभं राहून झेल्याने. कितीतरी वर्षांनी घरात अढी घातली. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस असा लागून राहिला की निम्मा आंबा वाया गेला. तो दोष झाडाचा नव्हता. हा पुतण्या आज परत नवी मुंबईत कामावर आहे, पण दर दिवाळीत आला की आधी साखऱ्याकडे जातो, मग चहाला येतो. आणि शेप्याच्या कागदावर त्याचीही सही आहे! त्याला मी त्याबद्दल बोल लावत नाही. त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी मलाही माहीत आहे.

सरकारबद्दल थोडं. झाड लावायला आपल्याकडे नेहमीच उत्साह असतो. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि त्याने महाराष्ट्रातल्या कितीतरी माळांचं रूप पालटलं, हे मान्यच केलं पाहिजे. २०१८ साली भाऊसाहेब फुंडकरांच्या नावाने आणखी एक फळबाग योजना आली. २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहेतीस कोटी वृक्षलागवडीचे संकल्प झाले. त्या काळात प्रत्येक शाळेत खड्डे खणले गेले, फोटो निघाले. फळबाग अभियानात जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनासाठीही तरतूद आहे, नाही असं नाही. पण ती हेक्टरच्या हिशोबात. बांधावरचा एकटा शेप्या कुठल्या हेक्टरमध्ये बसवायचा? मला वाटतं प्रत्येक पंचायतीने दोन तरुणांना दोरी, करवत आणि पट्टे देऊन हे काम शिकवावं. मोसमात गावोगावच्या झाडांवर त्यांना रोजगार मिळेल. नवीन रोप जगेल की नाही ते पाच वर्षांनी कळतं. शेप्या तर जगलेलाच आहे.

कायदा तोडण्याच्या बाबतीत काही म्हणतो, तेही सह्या करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्यात आंबा आणि फणस दोन्ही आहेत. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. "वखारवाला सगळं बघून घेतो" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तरी आधी वनरक्षकाच्या कानावर घालावं, म्हणजे नंतर कटकट नको.

त्याही आधीचं एक वचन आपल्या घरात सगळ्यांना अभिमानाने ठाऊक आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल लिहिलं आहे. आंबा-फणसाची झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये, असा त्याचा आशय. व्याख्यानांतून नेहमी एवढाच भाग सांगतात. त्याच्यापुढे आणखी एक बारीक गोष्ट आहे. एखादं झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. आमच्या धाकट्या भाऊजींनी (नात्याने चुलत दीर, पण माणूस सख्ख्याहून सख्खा) मला फोनवर हेच ऐकवलं. "वहिनी, अमात्यांनीच परवानगी दिलीय की!" मुद्दा चोख होता, मान्य. पण भाऊजी, त्यात दोन अटी आहेत. झाड कामातून गेलेलं असावं, आणि धनी संतोषाने राजी असावा. यातली दुसरी अट माझ्यामुळे अडली आहे. आणि पहिलीबद्दल माझं म्हणणं असं की झाड कामातून गेलं हे ठरवण्याआधी त्याला एकदा तरी औषधपाणी करून बघायला हवं.

मी प्रत्येक झाडाची वकिली घेणार नाही. ज्याच्या बुंध्यात ढोली आरपार गेली आहे, जे घरावर किंवा रस्त्यावर कललं आहे, ज्याची साल चहूबाजूंनी सुटली आहे, ते झाड उतरवलंच पाहिजे. माणसाच्या जिवापुढे आंबा नाही. छाटणीनंतर मरणारीही काही झाडं असतात. आणि रायवळाला बाजारात भाव नाही हेही खरं. धाग्याचा आंबा पेटीत भरून कोण घेणार? शेप्याने कुणी श्रीमंत होणार नाही.

पण आता हिशोबच करायचा तर नीट करू. वखारवाल्याने तीस हजार सांगितले आहेत. चौघांत वाटले की प्रत्येकी साडेसात हजार. एकदाच. छाटणीला दोन माणसं दोन दिवस, दोरी-करवत, मोरचूद-चुना, शेणखत, सगळं धरून पहिल्या वर्षी पाच हजारांच्या आत बसतं. शेप्याचा बुंधा मी स्वतः काठीने ठोकून बघितला आहे, पोकळ वाजत नाही. भुसा नाही. शेंड्याकडे वाळलं आहे आणि पूर्वेच्या फांदीवर बांडगूळ आहे, एवढंच.

म्हणून माझा प्रस्ताव असा. तीन हिवाळ्यांचा छाटणीचा आणि खताचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून करते. कुणी एक रुपया घालू नये. ज्या कुणाला आत्ता पैशाची खरोखर नड आहे त्याने मला एकट्याला फोन करावा, त्याच्या हिश्श्याचे साडेसात हजार मी देते, आणि झाडातला त्याचा आणा तसाच राहील. दुसरं, निघतील त्या काड्यांची दहा-बारा कलमं बांधून घेऊ, म्हणजे तुमच्यापैकी ज्याला आपल्या दारात शेप्या हवा त्याला तो मिळेल, आणि मूळ झाड उद्या वादळात पडलं तरी चव जाणार नाही. तिसरं, चौथ्या उन्हाळ्यात शेप्याला मोहोर धरला नाही तर मी सही करीन. कुरकुर करणार नाही. तोवर मी ऐंशीच्या घरात गेलेली असेन. माझं काही बरंवाईट झालं तर माझ्या मुलीने सही करावी, तिला मी हे सांगून ठेवलं आहे.

कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी माणसं सांगितली आहेत. ज्यांना जमेल त्यांनी मेढ्याला यावं. जेवायला पिठलं-भाकरी आणि साखऱ्याच्या आंब्याची पोळी आहे, गेल्या खेपेची थोडी डब्यात राखून ठेवली आहे. जाऊबाईंना गाडी पाठवते. झाडाला पहिला नारळ त्यांनीच फोडावा, म्हणजे पापाचा प्रश्नही मिटेल.